हेडमास्तरांच्या पलंगावरचा बीम

मी आयुष्यात एकच बीम लपवला, आणि तो माझ्याच हेडमास्तरांच्या घराचा होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मूळची भालकीची. दहावीनंतर आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात मुली दोनच. दुसरीचं लग्न ठरलं आणि ती गेली, मग मी एकटीच राहिले. सर्टिफिकेटवर ‘ड्राफ्ट्समन’ असंच छापून आलं. आमच्या अप्पांनी ते गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि दर वेळी त्यातला ‘मन’ जरा जास्तच मोठ्यानं वाचला. पुढं मला बिदरमध्ये एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात नोकरी लागली. मैलूरला मावशीकडं राहायचं, सकाळी डबा घेऊन चालत ऑफिसला जायचं, आणि दिवसभर लोकांची घरं कागदावर बांधायची.

ऑफिसात आम्ही तिघंच. साहेब कन्नड घरातले. आमच्याशी आमच्यासारखंच मराठी बोलायचे, फक्त संताप आला की कन्नडवर जायचे. दुसरे अण्णा. ते ऑफिसातले जुने ड्राफ्ट्समन, पन्नाशी उलटलेले, सरकारी खात्यात काम करून आलेले. ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघ मारावी तर त्यांनीच. रेघ चुकली की दाढीच्या ब्लेडनं अलगद खरवडायचे, मग तेवढी जागा नखानं घासून परत गुळगुळीत करायचे. चूक कुठं झाली होती ते नंतर त्यांनाही सापडायचं नाही. तिसरी मी.

एक दिवस साहेबांनी हैदराबादहून कॉम्प्युटर आणला. जीपमध्ये मागं बसून, पडद्याचं खोकं मांडीवर घेऊन आणला. ऑफिसची मागची खोली झाडून-पुसून त्याला दिली. खिडकीला पडदा, जमिनीवर चटई, शेजारी व्होल्टेज सांभाळणारं एक जड डबडं, आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम.

“देव बसवलाव का साहेब आत?” अण्णांनी विचारलं.

“धूळ चालत न्हाई अण्णा त्याला.”

“मग बिदरला कामून आणलाव?”

अण्णा त्या खोलीत जायला तयार नव्हते. मला इंग्रजी टायपिंग येत होतं म्हणून मशीनपुढं मी बसले. साहेब हैदराबादला आठ दिवस शिकून आले होते, ते त्यांनी मला चार दिवसांत शिकवलं. नकाशे काढायचा तो प्रोग्राम माझ्या डोक्यात बसायला दोन महिने लागले. पण बसला तेव्हा मला वेडच लागलं. कागदावर घर झोपलेलं असतं. इथं भिंतीला लांबी-रुंदी दिली, वर उंची दिली की घर उभं राहायचं. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचं घर, आणि ते कोपऱ्यातून, वरून, खालून, पाहिजे तिथून बघायचं.

बीम काढायला मला फार आवडायचं. बीम म्हणजे छताला खालून धरणारी काँक्रीटची तुळई. किती रुंद, छतापासून किती खाली उतरणार आणि जमिनीपासून किती उंचीवर बसणार, एवढे तीन आकडे दिले की बीम तयार. माझा पहिला बीम मात्र भलताच झाला. साडेचारशे मिलिमीटर खाली उतरवायचा होता, मी एक शून्य जास्त दाबलं. बीम छतातून निघाला, खोलीतून खाली आला, फरशी फोडून पायाच्याही खाली गेला. अण्णा दारातून, चपला न काढता, मान आत घालून बघत होते.

“पोरी, बीम टाकायलीस का बोअर पाडायलीस?” ते म्हणाले. नंतर आठवडाभर चहा आला की विचारायचे, “पाणी लागलं का गं?”

त्या प्रोग्रामात आणखी एक गंमत होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं. घराचे भाग वेगवेगळ्या थरांवर ठेवायचे. भिंती एका थरावर, दारं-खिडक्या दुसऱ्या, बीम तिसऱ्या. एखादा थर बंद केला की त्याच्यावरचं सगळं पडद्यावरून नाहीसं व्हायचं. जायचं कुठंच नाही, नुसतं दिसायचं नाही. थर चालू केला की जिथल्या तिथं हजर.

असंच एका सकाळी मी मशीनपुढं बसले होते आणि मागून आवाज आला, “नौबादच्या घराचं काम कोण बघायलंय?”

मी ताडकन उभी राहिले. हात आपोआप मागं गेले. तो आवाज आमच्या भालकीच्या शाळेतल्या हेडमास्तरांचा होता. ते रिटायर होऊन बिदरला आले होते, नौबादला घर बांधत होते, आणि त्यांचंच घर गेला आठवडाभर मी उभं करत होते, हे मला माहीत नव्हतं. ते आम्हाला भूमिती शिकवायचे. फळ्यावर हातानं वर्तुळ काढायचे आणि मग कंपास लावून दाखवायचे की बघा, तसूभर फरक नाही. माझ्या वहीवर त्यांनी एकदा लाल शाईनं लिहिलं होतं, “ही सरळ रेघ आहे की ओढा?”

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. “तू भालकीची. शेवटून दुसरा बाक.”

“व्हय सर.”

“बस.”

मी बसले. पण ते खोलीत आले की मी उठायचे, ते ‘बस’ म्हणाले की बसायचे. ते दिवसाआड यायचे. साहेब एकदा वैतागून म्हणाले, “अक्का, तुम्ही नोकरी माझी करायल्यात का ह्यांची?” साहेब मला, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असून, अक्का म्हणायचे.

हेडमास्तरांचा मशीनवर विश्वास नव्हता. खिशातून सहा इंचाची पट्टी काढून पडद्याच्या काचेला लावायचे. “ही भिंत साडेतीन इंच भरायली. किती फूट धरायची?”

“सर, तसं मोजता येत न्हाई. मी जवळ आणलं की मोठी होते.”

“भिंत मोठी होते?”

“चित्र मोठं होतं सर.”

“मग मोजायचं कसं?” हा प्रश्न मला तेव्हाही अवघड वाटला होता.

खरा घोटाळा मी स्वतःच्या हौसेनं केला. त्यांची निजायची खोली मोठी, वीस फूट लांब, सोळा फूट रुंद. मध्ये भिंत नको म्हणाले होते, म्हणून छत धरायला मधोमध एक बीम दिलेला. मी सगळी खोली उभी केली, खिडकीला गज दिले, आणि शेवटी आपल्याच मनानं एक पलंगही काढून ठेवला. उशीसकट. हेडमास्तरांनी वाकून बघितलं. बीम बरोबर पलंगावरून गेला होता, माणूस झोपला तर त्याच्या छातीवरून.

“हे वरून काय गेलंय?”

“बीम आहे सर.”

त्यांनी दाराकडं एकदा बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “माझं काही न्हाई. मी जन्मभर पोरांना विज्ञान सांगितलं. पण आमच्या घरात चालायचं न्हाई. तुळईखाली झोपलं की छातीवर भार येतो म्हणतात. बायकांचं कसं असतं, तुला माहीतच आहे.”

मी बाई असून मान डोलावली. हेडमास्तर म्हणाले की मान डोलावायची, ही जुनी सवय.

साहेबांनी त्यांना समजावलं. बीम काढला तर छत लवेल. पलंग सरकवा. पण पलंग सरकवायचा कुठं? एका भिंतीत कपाट, एकीकडं दार, आणि उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही. तेही ‘आमच्या घरात चालत न्हाई’ म्हणूनच. हेडमास्तर एकाच कामासाठी चार वेळा आले. ते बीम काढा म्हणायचे, साहेब काढता येत नाही म्हणायचे. तिकडं नौबादला भिंती पूर्ण झाल्या, छत टाकण्यासाठी खालून फळ्या आणि टेकूच्या लाकडी बल्ल्या लावायचं काम, ज्याला सगळे सेंट्रिंग म्हणतात, ते सुरू झालं.

पाचव्या वेळी हेडमास्तर आले तेव्हा साहेब दोन दिवसांसाठी गुलबर्ग्याला गेलेले. हेडमास्तर माझ्या खुर्चीमागं उभे राहून उसासे टाकायला लागले. अण्णा बाहेर टेबलावर होते. तिथूनच त्यांनी आवाज दिला, “पोरी, तुझ्या मशीनला सांग की. त्याला काय अवघड हाय?” आणि दारातून मला डोळा मारला.

मला हसू आवरेना. बीम खरंच काढायची माझी छाती नव्हती. पण थर बंद करायला काय लागतं? चार अक्षरं टाइप केली, बटण दाबलं. पडदा क्षणभर कोरा झाला, मग भिंती आल्या, खिडकी आली, पलंग आला, उशी आली. बीम आला नाही.

हेडमास्तर पुढं वाकले. चष्मा वर केला, खाली केला. “गेला?”

“बगा सर, दिसतोय का कुठं?”

“न्हाई.”

“मग?”

“शाबास!” ते म्हणाले.

शाळेच्या सगळ्या वर्षांत मला त्यांच्याकडून कधी शाबासकी मिळाली नव्हती. ती अशी मिळाली. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला फार बरं वाटलं.

त्यांना चित्र कागदावर हवं होतं. प्रिंटर अर्धा तास किर्रर्र ओरडत राहिला. त्यांनी कागदाची सुरळी केली, काखेत धरली आणि पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखे बाहेर पडले. ते दिसेनासे होईपर्यंत अण्णा गंभीर तोंड करून बसले, मग दोघं पोट धरून हसलो. आम्हाला काळजी वाटायचं कारण नव्हतं. सळया कुठं, किती जाडीच्या, हे सांगणारं खरं ड्रॉइंग अण्णांच्या हातचं होतं, ते साइटवर मिस्त्रीकडं होतं, आणि त्यात बीम ठणठणीत होता. “एकदा काँक्रीट पडलं की कोण काढायलंय?” अण्णा म्हणाले. “तवर मास्तर खूश, तू खूश.”

तिसऱ्या दिवशी साहेब परत आले. आणि तासाभरातच एक बाई ऑफिसात शिरल्या. ठेंगण्या, काठापदराचं लुगडं, पायाला सिमेंट लागलेलं, हातात तीच सुरळी. त्यांच्यामागं दोन पावलं अंतर ठेवून हेडमास्तर.

“हे चित्र काढणारी कोण?” बाईंनी विचारलं.

मी उभी राहिले. त्यांनी सुरळी अण्णांच्या टेबलावर, ओल्या शाईच्या रेघेवरच उलगडली. अण्णांनी दौत तेवढी बाजूला ओढली.

“ह्याच्यात तुळई कुठाय?”

“काकू…”

“रोज सकाळी भिंतीला पाणी मारायला मीच जातेय नौबादला. आज मिस्त्री म्हणायलाय, मास्तरसाब बोले बीम कॅन्सल. तुळईसाठी केलेला फळ्यांचा खोका काढून ठेवलाय त्यानं. काढताना मान हलवायलाय, पण मालक म्हणतोय तर तो काय करंल? मी म्हणलं, थांब. आधी इचारून येते. छत काय वाऱ्यावर राहायलंय का?”

मी चाचरत म्हणाले, “पण काकू, तुम्हालाच तुळई नको होती ना? खाली झोपलं की भार येतो म्हणून…”

“मला?” काकू म्हणाल्या. “कोण म्हणालं?”

आम्ही सगळ्यांनी हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तरांनी वर बघितलं. आमच्या ऑफिसच्या छतालाही एक बीम होता आणि ते नेमके त्याच्याखाली उभे होते. हळूच एक पाऊल डावीकडं सरकले.

काकूंना ते दिसलं. “आमच्या बापाच्या माळवदाला सात तुळया होत्या, औरादकडं. आम्ही भावंडं सात. एकेकाच्या उरावर एकेक. कुणाला काय झालं? सगळी जित्ती हायत, अन् भांडायलीत अजून. तुळईची भीती ह्यांना हाय. लग्न झाल्यापासून माझ्या माहेरी कधी आत झोपले न्हाईत. अंगणात बाज टाका म्हणायचे. मला वाटायचं, जावयाला उकडायलंय.”

तोवर साहेब आतून बाहेर आले होते. त्यांनी टेबलावरचा कागद बघितला. “हे कुणी काढलं?”

अण्णा ब्लेड घेऊन एक रेघ खरवडायला लागले. तिथं खरवडायला काहीही चुकलेलं नव्हतं.

“मी,” मी म्हणाले. “पण साहेब, बीम आहे. गेला न्हाई. दाखवते.”

सगळी वरात मागच्या खोलीकडं निघाली. दाराशी चपला निघाल्या. काकूंनीही सिमेंट लागलेल्या चपला काढल्या. अण्णाही आले, त्या खोलीत पहिल्यांदाच. मी घर उघडलं. मशीन नेहमीसारखं विचार करत बसलं, आणि एवढी माणसं मागं उभी असताना त्याला इतका वेळ कधीच लागला नसेल. मग मी थर चालू केला. पलंगावरून बीम परत गेला, होता तसा.

“म्हणजे काढलाच नव्हता?” हेडमास्तर म्हणाले.

“न्हाई सर. झाकला होता.”

“मला फसवलंस!” त्यांचा आवाज शाळेतला झाला आणि मी बसल्या जागेवरून उठले. “माझ्याच हाताखाली शिकून मला फसवलंस?”

“तिनं तुळई झाकली,” काकू म्हणाल्या, “तुम्ही मला म्होरं केलं. फिट्टंफाट झाली. बस गं पोरी.”

पण साहेब हसले नाहीत. ते आधी कन्नडमध्ये बोलले, त्यातलं निम्मं मला कळलं आणि ते पुरेसं होतं. मग मराठीत, अगदी हळू बोलले. “अक्का, ह्या काकू आज गेल्या नसत्या तर? मिस्त्रीनं तुमच्या कागदावर छत टाकलं असतं तर? उद्या ह्या दोघांच्या अंगावर काय आलं असतं?”

तोपर्यंत हा सगळा खेळ होता. पडद्यावरच्या हिरव्या रेघा, बटण दाबलं की जातात, दाबलं की येतात. तो कागद माझ्या हातातून सुटून नौबादपर्यंत जाईल, कुणीतरी त्याला खरं मानून फळ्या उपसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“साहेब, चावी मी दिली होती,” अण्णा मागून म्हणाले. “पोरीचं एकटीचं न्हाई.”

“मग दोघं,” साहेब म्हणाले. त्यांनी आधी ऑफिसची लूना देऊन अण्णांना नौबादला पिटाळलं, मिस्त्रीला हात लावू नको म्हणून सांगायला.

खोलीत आम्ही चौघं राहिलो. बीम पडद्यावर तसाच. हेडमास्तर त्याच्याकडं बघायचं टाळत होते. आता त्यांची चोरी उघडी पडली होती, तरी भीती काही गेली नव्हती. मला त्यांची दया आली. भूमितीत तसूभर चूक खपवून न घेणारा माणूस, आणि फूटभर रुंदीच्या काँक्रीटला घाबरत होता.

काकू मात्र पडद्याजवळ गेल्या आणि बोट लावून म्हणाल्या, “एक इचारू का साहेब? ही खालून धरायची ती वरून न्हाई का धरत? पाळणा असतोय की. पाळण्याला खालून कोण धरतंय? वरून टांगलेला असतोय.”

साहेब त्यांच्याकडं बघतच राहिले. “धरते,” ते म्हणाले. “धरते काकू. त्याला उलटा बीम म्हणतात. बीम छताच्या वर, गच्चीत उभा राहतो आणि छत त्याला खालून टांगलेलं असतं. मी सुचवलं न्हाई कारण गच्चीत आडवा बांध येतो, पाणी अडतं, चालायला अडचण. कुणाला आवडत न्हाई.”

“आम्हाला आवडंल,” हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले.

“तुम्ही इंजिनिअर का न्हाई झालात काकू?” साहेबांनी हसत विचारलं.

“मला शाळेत कोण घातलं?” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी ते हेडमास्तरांकडं बघून म्हटलं.

साहेबांनी मला शिक्षा केली ती अशी: आठ दिवस मशीन बंद. नवीन बीमचं ड्रॉइंग अण्णांशेजारी बसून, शाईनं, ट्रेसिंग पेपरवर काढायचं. साहेबांनी सगळा हिशेब नव्यानं केला, सळया बदलल्या, छताच्या सळया वरच्या बीमला कशा अडकवायच्या ते मला चार वेळा समजावलं. पाणी अडू नये म्हणून बीमच्या पोटातून दोन पाइप काढायचे होते. ते मी काढले, चुकले, खरवडले, परत काढले. अण्णांनी मला स्वतःचं नवं ब्लेड दिलं. “हळू,” ते म्हणाले. “कागद फाटला तर थर चालू करून परत येत न्हाई.”

नवव्या दिवशी मशीनवर परत बसले. तोच बीम, तेच माप. फक्त उंचीचा आकडा बदलला. बीम छतातून वर सरकला आणि गच्चीत जाऊन बसला. हेडमास्तरांना मी आधी खालून दाखवलं, छत साफ. मग वरून दाखवलं, बीम उभा. मग सगळे थर एकेक करून चालू करून दाखवले, त्यांनी न विचारता. त्यांनी या वेळी पट्टी काढली नाही.

नौबादचा मिस्त्री या बीमवर बिलकूल खूश नव्हता. “पूरी उमर बीम नीचे डाला साब,” तो म्हणाला, “ये मास्तर का बीम छत पे चढके बैठता.” पण काम त्यानं चोख केलं. छताचं काँक्रीट पडलं, काकूंनी तीन आठवडे त्याला पाणी दिलं, आणि खालची सेंट्रिंग काढायच्या दिवशी साहेब मला बरोबर घेऊन गेले. मी इतके बीम काढले होते, पण माझ्या हातून निघालेला एकही बीम मी काँक्रीटचा झालेला बघितला नव्हता.

बल्ल्या एकेक करून निघायला लागल्या तेव्हा हेडमास्तर रस्त्यापलीकडं जाऊन लिंबाच्या झाडाकडं लक्ष देऊन बघत होते. काकू सरळ आत गेल्या, खोलीच्या बरोबर मधोमध उभ्या राहिल्या. मिस्त्री ओरडला, “अम्मा, बाजू!” त्या हलल्या नाहीत. शेवटी साहेबांनी हात धरून त्यांना बाहेर आणलं. शेवटची बल्ली निघाली. छत जिथल्या तिथं राहिलं. मी शिडीनं गच्चीत गेले आणि बीमवर हात ठेवला. खडबडीत, फळ्यांच्या रेषा उमटलेल्या, उन्हानं तापलेला. पडद्यावर त्याला वजन नव्हतं. इथं मी दोन्ही हातांनी ढकलून बघितला, उगीचच.

वास्तुशांतीचं बोलावणं ऑफिसात सगळ्यांना आलं. मी घरी कळवलं तेव्हा अप्पा म्हणाले, “जेवायला बोलावलंय का नुसतं घर बघायला?” ते काय विचारत होते ते मला कळलं. आमच्या घरात हा प्रश्न विचारायची सवय जुनी होती; सगळ्याच घरांत आमच्या जातीला पंगतीत बसवत नसत. मी म्हणाले, “बघते.”

गेले, आणि मागच्या दाराशी चपला काढून तिथंच रेंगाळले. आत पूजा आटपून पंगत बसत होती. काकूंनी मला बघितलं.

“हितं कामून उभारलीस? तुझ्या हातचं घर हाय, तुला वाट दाखवायची का?” दंडाला धरून त्यांनी मला आत नेलं, बायकांच्या पहिल्या पंगतीत मधोमध बसवलं. वाढायला स्वतः हेडमास्तर होते, खांद्यावर उपरणं, हातात हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं. माझ्यापुढं आले तशी मी उठायला लागले.

“बस,” ते म्हणाले, आणि पानात दोन पळ्या जास्त वाढल्या. हुग्गी मी सगळी संपवली.

जेवणं झाल्यावर बायका गच्चीत गेल्या. नौबादला तेव्हा घरं विरळ होती, वारा मोकळा. बीम गच्चीत फूटभर उंच होता, बसायला अगदी बेताचा. पाच-सहा जणी त्याच्यावर ओळीनं बसल्याही. शेजारची एक नवी बाई म्हणाली, “वैनी, गच्चीत हा बांध कशाला घातलाय?”

काकूंनी तिला नीट समजावलं. एक हात छतासारखा आडवा धरला, दुसऱ्या हातानं तो वरून उचलल्यासारखा केला, पाळण्याची गोष्ट सांगितली, पाइपांची सांगितली. मी टोकाला बसून ऐकत होते. सगळं बरोबर सांगितलं त्यांनी. मला वाटलं, साहेबांनीही एवढं सोपं करून सांगितलं नसतं.

“एवढं कुणाच्या डोक्यात आलं?” त्या बाईनं विचारलं.

“ह्यांच्याच,” काकू म्हणाल्या. “मास्तर हायत. भूमिती शिकवायचे.”

जिन्यातून हेडमास्तर पानसुपारीचं तबक घेऊन वर येत होते. ते शेवटच्या पायरीवर थांबले. त्यांनी आधी काकूंकडं बघितलं, मग माझ्याकडं. शेजारीण माझ्याकडं वळली. “व्हय का गं? तू तर नकाशावाली. खरं हाय?”

काकू पदरानं वारा घेत दुसरीकडं बघत होत्या.

“व्हय,” मी म्हणाले. “सरांनीच सुचवलं.”

हेडमास्तर वर आले आणि त्यांनी तबक सगळ्यात आधी काकूंपुढं धरलं.